अक्का जागेवर, घर फिरतं

एप्रिल महिन्यात भर दुपारी पारोळ्याच्या एखाद्या गच्चीवर छत्री उघडून उन्हात बसलेली बाई तुम्हाला दिसली, तर ती माझी अक्का समजावी. छत्री डोक्यावर, पातळाचा काठ गुडघ्यापर्यंत वर घेतलेला आणि दोन्ही पाय उन्हात सरळ सोडलेले. डॉक्टरांनी तिला सांगितलंय की उन्हातून ड जीवनसत्त्व मिळतं. एवढं कडक ऊन घ्यायला कोणी सांगितलं नव्हतं, पण सकाळचं ऊन पातळ असतं, त्यात काही दम नसतो, असं तिचं मत आहे. मग छत्री कशाला, असं मी एकदा विचारलं. तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की साध्या गोष्टी कळायला नोकरी लागत नाही हे मला आपोआप कळावं.

"विटामिन पायस्ले लागस," ती म्हणाली. "डोकाले कसाले ताप?"

अक्का म्हणजे सिंधूअक्का, माझी सख्खी मोठी बहीण. आम्ही साक्री तालुक्यातले. लग्न होऊन ती पारोळ्याला गेली, मी नोकरीसाठी धुळ्याला आलो आणि तिथलाच झालो. धुळ्याहून पारोळा एसटीनं तासाभराचं. हे अंतर मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मला ते लपवता येणार नाही. धुळ्यात कारकुनी करता करता माझी भाषा कागदावरची झाली. अक्काची तशीच राहिली. मी बोलायला लागलो की ती शेजारणीला म्हणते, ऐक, आमच्याकडे रेडिओ आलाय.

तिची दुसरी सवय म्हणजे डोळे बघणं. कोणीही समोर आलं की नमस्काराच्या आधी अक्काचा अंगठा त्याच्या डोळ्याखाली जातो. खालची पापणी ती हलकेच ओढते, आतला रंग बघते आणि निकाल देते. रंगत आहे, किंवा रंगत नाही. रंगत म्हणजे रक्त. बहुतेकांना नसते. दूधवाल्याला नाही, पोस्टमनला नाही, मला तर कधीच नव्हती. साक्रीला एका भाच्याच्या लग्नात ती आहेर द्यायला स्टेजवर चढली आणि नवरदेवाच्या हातात पाकीट देण्याआधी तिनं त्याची पापणी ओढली. फोटोग्राफरनं नेमकं तेव्हाच बटण दाबलं. अल्बममध्ये तो फोटो अजून आहे. नवरदेव एका डोळ्यानं आभाळाकडे बघतोय, नवरी घाबरलीय आणि अक्का गंभीरपणे वाकून बघतेय. खाली उतरल्यावर तिनं नवरीच्या आईला बाजूला घेऊन सांगितलं, मुलगा चांगला आहे, फक्त त्याला नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी आणि बीट देत जा.

हे सगळं हसण्यासारखं आहे आणि आम्ही हसायचो. मीही हसायचो. पण तिला हा नाद लागला तो दाजी गेल्यानंतर, तिला स्वतःला चक्कर यायला लागल्यावर. दाजी म्हणजे तिचे यजमान. मार्केटात मापाडी होते, उंच, मोठ्या आवाजाचे, माणसांनी घर भरून टाकणारे. ते गेले तेव्हा घरात उरली अक्का आणि त्यांची म्हैस. मुलगा प्रशांत पुण्यात कंपनीत.

चक्कर हा शब्द तिला मान्य नव्हता. पहिल्यांदा ती अंथरुणात कुशीवर वळली आणि आढं फिरायला लागलं. मग कधी फडताळावरचा डबा काढायला मान वर केली की, कधी म्हशीची धार काढून उठली की. शेजारच्या सुशीलाबाई धावत यायच्या, तिचा हात धरून बसायच्या, कांदा फोडून नाकाशी धरायच्या. एकदा त्यांनीच मला फोन केला. मी गेलो. विचारलं, अक्का, चक्कर येते म्हणे. ती चिडली.

"माले चक्कर येस नही. मी जागावरच ऱ्हास. घर फिरस."

तिचं घर फिरणं थांबेना तेव्हा मी तिला धुळ्याला घेऊन गेलो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांतपणे बोलणाऱ्या. त्यांनी अक्काला पलंगावर बसवून एकदम आडवं केलं, मान एका बाजूला वळवली आणि तिचे डोळे बघत राहिल्या. अक्कानं दोन्ही हातांनी पलंग घट्ट धरला. तशाही अवस्थेत ती म्हणाली की, बाई, आता तुमचा दवाखानाही फिरायला लागलाय. मग रक्त तपासलं. बी-बारा कमी निघालं, ड कमी निघालं, हिमोग्लोबिनही कमीच.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते मला आठवतं. कानाच्या आत बारीक खडे असतात, ते जागचे हलले की अशी फिरकी येते, आणि मान ठरावीक तऱ्हेनं वळवली की ते परत जागेवर बसतात. ड जीवनसत्त्व कमी असलेल्या काही जणांत ते पुन्हा पुन्हा हलतात, असं दिसतं. बी-बारा कमी असलं की तोल जातो, पायांत जोर राहत नाही. रक्त कमी असलं की डोकं हलकं होतं. तेव्हा संबंध असू शकतो. पण एकामुळेच दुसरं झालं, हे त्या छातीवर हात ठेवून सांगणार नव्हत्या. दोन्हीकडून उपचार करू, म्हणाल्या.

अक्कानं यातलं एकच ऐकलं. रक्तात कमी आहे. तिला केवढा आनंद झाला. डोक्यात बिघाड नाही, वय नाही, कोणाची नजर नाही. पिंपात पाणी कमी असावं तसं काहीतरी कमी आहे, आणि कमी असलेलं भरता येतं. तिच्या आनंदाचं खरं कारण मला ठाऊक होतं. प्रशांतनं फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, आई चक्कर येऊन कुठे पडली तर म्हैस विकायची, घराला कुलूप लावायचं आणि तिला पुण्याला न्यायचं. त्याचं चूक नव्हतं. तो तिकडे फोन वाजला की दचकायचा. पण पुण्यातल्या त्याच्या चौथ्या मजल्यावर अक्का दोन वेळा राहून आली होती आणि दोन्ही वेळा बॅग न सोडता.

मग डॉक्टरांनी विचारलं, जेवणात काय असतं?

अक्का सावरून बसली. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी असते, म्हणाली. भरीत असतं, डुबुकवडे असतात, मेथी असते, शेंगदाण्याची चटणी तर हवीच. मांस-मच्छी आमच्याकडे चालत नाही. डॉक्टरांनी विचारलं, मग दूध, दही, ताक?

"घरमा म्हैस शे," अक्का म्हणाली.

डॉक्टर थोड्या गोंधळल्या. शाकाहारी माणसाला बी-बारा मिळतं ते दुधातूनच, त्या मला म्हणाल्या. घरात म्हैस असून इतकं कमी कसं? पोटात शोषलं जात नसेल, पुढे वाटल्यास तेही तपासू. तोवर इंजेक्शनं घ्या, गोळ्या घ्या, ऊन घ्या. इंजेक्शनांनी कमतरता भरेल, पण ती आली कुठून ते शोधायला हवं.

मी मान डोलावली. अक्का खिडकीबाहेर बघत होती. ते माझ्या लक्षात आलं होतं, आणि तरी मी काही विचारलं नाही. मला दुपारच्या आत ऑफिस गाठायचं होतं.

इंजेक्शनं सुरू झाली आणि अक्कानं गल्ली हातात घेतली. आपल्यात कमी आहे म्हणजे सगळ्यांत असणार, असा तिचा हिशेब होता. तिनं सुशीलाबाईंना तपासायला पाठवलं, शिंप्याला पाठवलं, त्याच्या सुनेला पाठवलं. अन् गंमत अशी की जवळपास प्रत्येकाचं काहीतरी कमी निघालं. लॅबवाला तिला रस्त्यात बघून गाडी थांबवायला लागला. "पारोळानी बठ्ठी रंगत गयी," म्हणजे अख्ख्या पारोळ्याचं रक्त गेलं, असं ती मला फोनवर सांगायची, आवाजात काळजी आणि थोडासा विजय. शिंप्यानं एकदा तिला चिडवलं, सिंधूअक्का, तुम्ही पापणी ओढून ओढून माझा डोळा मोठा केला, आता सुईत दोरा पटकन जातो. तर ती म्हणाली, मग शिलाई कमी कर. रोज सकाळी ताक घुसळलं की ती अख्ख्या गल्लीला तांब्या तांब्या वाटायची. घ्या, यात बी-बारा आहे. पोरं तिला बघून लपायची.

पावसाळ्यानंतर ती पडली. गोठ्यात, गव्हाणीला कपाळ लागून. टाके पडले नाहीत, पण कपाळ काळंनिळं झालं. सुशीलाबाईंनी प्रशांतला न सांगता मला सांगितलं. तसं अक्कानंच बजावलं होतं. मी रजा टाकून गेलो. डॉक्टरांनी मान वळवण्याचा तो प्रकार पुन्हा केला आणि विश्रांती सांगितली. या वेळी मी चार-पाच दिवस राहिलो. दाजी गेल्यापासून तिच्या घरी मी इतका सलग कधी राहिलो नव्हतो.

माणूस कसं जेवतं ते बघायला त्याच्या घरात राहावं लागतं. पहिल्या सकाळी तिनं मला दुधाचा चहा दिला आणि स्वतः काळा घेतला. मी म्हटलं, हे काय. म्हणाली, दुधाचा पचत नाही. दुपारी माझ्या भाकरीवर लोणी आलं, तिच्या भाकरीवर तेल-चटणी. तूप माझ्या वरणावर. दही माझ्या वाटीत. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिनं ताक केलं, मला पेला भरून दिला, शेजाऱ्यांचे तांबे भरले, आणि रवी धुवून ठेवली. तिच्यासाठी घोटभरही उरवलं नव्हतं. चुकून नव्हे, नेमकं संपवलं होतं.

मी माझा पेला तिच्यापुढे सरकवला. पी, म्हटलं.

ती नको म्हणाली. मी हट्ट धरला. मी माझ्या रेडिओच्या भाषेत तिला बी-बारा कशात असतं ते सांगायला लागलो. तिनं मला मधेच थांबवलं. ते तिला माहीत होतं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हाच ती समजली होती की तिचं काय कमी आहे आणि का.

मग तिनं सांगितलं. दाजींच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं होतं. पाणी मोजून द्यायचं, दूध-दही-ताक बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दाजी तांब्यानं ताक पिणारा माणूस. त्या उन्हाळ्यात ते लहान मुलासारखे मागायचे. अर्धा पेला दे. बरं, एक घोट दे. अक्का पातेलं लपवून ठेवायची, शेजारी घुसळायला जायची, म्हणजे आवाज नको. शेवटच्या दुपारी त्यांनी पुन्हा मागितलं. ती उद्या देते म्हणाली. त्या उद्याच्या पहाटे ते गेले.

दहाव्याला आम्ही सगळे बोरी नदीच्या काठी होतो. नदीत पाणी नव्हतं. पिंड ठेवले, आणि कावळा येईना. समोर झाडावर दोन बसले होते, पण खाली उतरेनात. आमच्याकडे काय, सगळीकडेच अशा वेळी गेलेल्या माणसाला शब्द द्यायचे असतात. त्याचा जीव कशात अडकला असेल ते ओळखून कोणीतरी बोलायचं. प्रशांत बोलला, म्हशीला नीट सांभाळू. दाजींचे भाऊ काही बोलले. कावळा हलेना. ऊन चढत होतं. अक्का लांब, बाभळीखाली बायकांत बसली होती. तिथून तिनं मनातल्या मनात म्हटलं की, तुम्हाला मी ताक दिलं नाही, आता मीही पिणार नाही. त्या म्हशीचं काहीही तोंडाला लावणार नाही. आणि कावळा उतरला.

"लगेच उतरना," ती म्हणाली. "त्यासनी ऐकं. आते मी कशी पेऊ?"

म्हणून ती छत्री घेऊन उन्हात बसत होती. म्हणून बीट, नागली, गोळ्या, इंजेक्शनं. दूध सोडून जगात जे काही असेल ते सगळं ती करून बघत होती. शब्दही राहावा आणि घरही राहावं, एवढीच तिची धडपड. आणि आम्ही तिचा फोटो अल्बममध्ये दाखवून हसत होतो.

मला वाटतं, त्या क्षणी मी गप्प राहायला हवं होतं. पण मला तिला सोडवायचं होतं. मला तो दहावा दिवस चांगला आठवत होता, कारण शेवटी पिंडापाशी जाऊन हात जोडणारा मीच होतो. मी बोललो आणि कावळा उतरला, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. इतके दिवस मनात मला त्याचा थोडा अभिमानही होता.

"अक्का, कावळा तुझ्या शब्दावर नाही आला," मी म्हणालो. "माझ्या शब्दावर आला."

 एवढ्या लांबून तिला माझं बोलणं ऐकूच आलं नव्हतं.

"तू काय बोलना व्हता?"

मी सांगितलं. मी म्हटलं होतं, दाजी, अक्काची काळजी करू नका. तिला मी एकटी पडू देणार नाही.

वाक्य पुरं होईपर्यंत मला कळलं नाही की मी काय बोलतोय. वकिलासारखा मुद्दा जिंकायला निघालो होतो. अक्काच्या कपाळावर ती काळीनिळी खूण होती. तिनं रवी पुसून खुंटीला लावली, पदरानं हात कोरडे केले. मग तिनं विचारलं. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. पण तिनं खरोखरच विचारलं, उशिरा आलेल्या माणसाला गाडी कुठे थांबली होती असं विचारावं तसं.

"मंग तू कोठे व्हता, नंदू?"

माझ्याकडे कारणं होती. बदलीची धावपळ, मुलीची बारावी, गुडघे. मी एकही सांगितलं नाही. म्हैस दाव्याला मान घासत होती, मी उठून तिच्यापुढे चारा टाकला.

त्या दिवशी तो विषय तिनं पुन्हा काढला नाही. पण अक्का कुठलीही गोष्ट अर्धवट सोडत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ताक घुसळताना ती आपणहून बोलायला लागली. रात्री तिनं विचार केला होता. शब्द दोघांनी दिले होते, कावळा एकच होता. तो कोणाचं ऐकून उतरला हे दाजींशिवाय कोण सांगणार. तेव्हा कोणालाच खोटं पाडायला नको.

"तू उना त कावळा तुना," तिनं निकाल दिला. "नही उना त मना."

म्हणजे मी आलो त्या दिवशी कावळा माझ्या शब्दावर उतरलेला, नाही आलो तर तिच्या. एवढं बोलून तिनं एक लहान वाटी घेतली, स्वतःसाठी ताक ओतलं आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या उभ्या प्यायली. बराच वेळ लावला तिनं एका वाटीला. वळली तेव्हा म्हणाली, आज मीठ जास्त पडलं. मीठ अजून घातलंच नव्हतं.

तेव्हापासून मी रविवारी जातो. सकाळची एसटी पकडतो, उतरल्यावर ती आधी माझी पापणी ओढते, मग ताक ओतते. मला पेला, तिला वाटी. मी निघेपर्यंत जेवणात तिच्या पानातही चमचाभर दही असतं, दुपारच्या चहात दूध असतं. संध्याकाळी मी एसटीत बसलो की पुन्हा काळा चहा. गल्लीत कोणाला हे माहीत नाही. सुशीलाबाईंना वाटतं, भाऊ आला की सिंधूअक्काला भूक लागते.

डॉक्टरांनी पुन्हा रक्त तपासलं. बी-बारा वर आलं होतं, ड पण. अर्थात ते इंजेक्शनांचं आणि गोळ्यांचं काम. आठवड्यातल्या एका वाटीनं असं काही होत नाही, हे मला कळतं. फिरकी कमी झाली आहे. मधूनच एखादी येते, मग मान वळवण्याचा तो प्रकार करावा लागतो. आधी रक्त की आधी कान, याचं उत्तर डॉक्टरांनी अजून दिलेलं नाही आणि अक्कानं विचारणंही सोडलंय. प्रशांतनं कुलपाचं पुढे ढकललंय. मी दर आठवड्याला जातो हे कळल्यावर तो फोनवर मला मामा, तुमचे उपकार, असं काहीतरी म्हणाला. मी फोन लवकर ठेवला.

खरं सांगायचं तर काही रविवारी मला जावंसं वाटत नाही. गुडघे दुखतात, एसटीत जागा नसते, घरची कामं असतात. त्या दिवशी मी तिच्या प्रेमानं जात नाही. वाटीच्या भीतीनं जातो. तरी तिला ते कळत नाही, असं मी धरून चालतो.

गेल्या रविवारी नाही जाता आलं. ऑफिसात तपासणी होती, सुटी रद्द झाली. दुपारी मी तिला फोन केला. ती म्हणाली, काम आहे तर काम कर, एवढं काय त्यात. तब्येत विचारली, बरी होती. घर फिरलं का विचारलं, नाही फिरलं. मग मी विचारलं, ताक केलं होतंस का. केलं होतं. गल्लीला वाटलं का. वाटलं.

"आणि तू?"

 आपल्याला काही हवं आहे असं अक्कानं कोणापाशी कधी म्हटल्याचं मला आठवत नाही. लग्नानंतर माहेरी आली तरी निघताना ती फक्त द्यायचीच. मला वाटलं, फोन कट झाला. मी हॅलो हॅलो करत होतो, तेवढ्यात तिचा आवाज आला, एकदम हळू, शेजारी कोणी ऐकू नये असा.

"सोमवारले येशी का?"